जायफळ की वेलची

"नाही कसं म्हणायचं, तेवढं मला शिकवा," खटावकर मास्तर म्हणाले.

अच्युतबुवा झोळीचा उसवलेला बंद शिवत बसले होते. सुई हातात तशीच धरून त्यांनी वर पाहिलं.

"कुणाला नाही म्हणायचंय?"

"वाढणाऱ्याला."

बुवांनी पुन्हा टाका घातला.

"मग चुकीच्या ठिकाणी आलात, मास्तर. वाढणाऱ्याला मी जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही."

मास्तरांनी बुवांकडे नीट पाहिलं. ऐंशीच्या पुढचा माणूस. शेवग्याच्या शेंगेसारखा वाळका. कृष्णेच्या काठावरच्या त्या लहानशा मठात चूल नव्हती, कधीच नव्हती. पाच घरी माधुकरी मागायची आणि जे पडेल ते खायचं, अशी तिथली रीत. म्हणजे हा माणूस उभं आयुष्य रोज बाहेरच जेवत आला होता. तेही लोकांच्या मर्जीनं.

आणि पोट पाठीला लागलेलं.

नेमकं हेच मास्तरांच्या हिशेबात बसत नव्हतं. ते तालुक्याच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्या हिशेबात न बसणारी गोष्ट त्यांना झोपू देत नसे.

"घरी माझं सगळं चोख आहे," ते म्हणाले. मठात एकच खुर्ची होती आणि ती त्यांच्या खाली कुरकुरत होती. "भाकरी वजनाच्या काट्यावर ठेवून, तोलून खातो. तेल चमच्यानं मोजून घेतो. घरी मी हरत नाही, बुवा. बाहेर गेलो की हरतो."

"कोण हरवतं?"

"शिरा. बटाटेवडा. परवा एका मुंजीत जिलबी."

"त्यांचं तुमचं काही जुनं वैर?"

मास्तर हसले नाहीत.

"थट्टा नका करू. दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतात, आधी वजन उतरवा, मग गुडघे बदलू. येत्या सोमवारी त्यांच्या काट्यावर उभं राहायचं आहे. उतरलं असेल तर तारीख मिळेल. नाहीतर दिवाळीनंतर बघू म्हणतात. तोवर मी जिन्याकडे नुसता बघत बसणार."

"मग सोमवारपर्यंत घरीच जेवा."

"तेच तर... रविवारी मुलीच्या सासरी जेवण आहे. नातीचं उष्टावण. आसावरीला भाऊ नाही, त्यामुळे मामाच्या जागी मी. पोरीला पहिला घास मीच भरवायचा."

"भरवा की."

"तो भरवीन. पण नंतर पंगत आहे, बुवा. विहीणबाई पुरणपोळ्या करणार. त्यांचा आग्रह तुम्ही पाहिलेला नाही. पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात."

"डबा घेऊन जा घरून."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

बुवांनी दातानं दोरा तोडला.

"नेला होता वाटतं."

"...गेल्या दिवाळीत."

"काय होतं डब्यात?"

"उकडलेले मूग."

"पंगतीत काढलेत?"

"पंगतीत. आणि..." मास्तरांनी खांद्यावरची पिशवी जरा मागे सारली. "आणि काटाही काढला. मूग त्यावर ठेवून बघितले."

बुवांनी झोळी मांडीवरून खाली ठेवली.

"विहीणबाई काय म्हणाल्या?"

"मला काही नाही म्हणाल्या. आसावरीला म्हणाल्या. अजून म्हणताहेत. आमटीत मीठ कमी पडलं की म्हणतात, विचार गं तुझ्या वडिलांना, त्यांच्या काट्यावर किती भरलं ते."

बुवा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं.

"म्हणजे त्या दिवशी जिंकलात तुम्ही."

"हो. जिंकलो," मास्तर म्हणाले. आणि मग, हळूच, "घरी आलो आणि फळीवरचा शंकरपाळ्यांचा डबा खाली काढला."

"मूग पुरले नाहीत?"

"मूग खाल्ले होते, बुवा. सगळे खाल्ले होते."

बुवा उठले. झोळी खांद्यावर टाकली आणि कोपऱ्यातली रुंद पितळी ताटली मास्तरांच्या हातात दिली.

"चला. माधुकरीची वेळ झाली. आज ताटली तुम्ही धरा."

"मी? या गावात माझे विद्यार्थी आहेत. लोक बघतील."

"मला रोज बघतात. मी काही झिजलो नाही."

"झिजलाय की."

"ते वयानं," बुवा म्हणाले. "दारात उभं राहायचं. मी मागेन. त्यानंतर तुम्ही बोलायचं नाही. एवढाच नियम."

पहिलं घर मालनबाईंचं. त्यांनी चतकोर भाकरी आणि तिच्यावर पिठल्याचा गोळा ठेवला. मग मास्तरांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"महाराज, आज जोडीदार आणलात? मठाला मानवलंय म्हणायचं."

मास्तर तेलाबद्दल काहीतरी विचारणार होते. बुवा खाकरले. मास्तरांनी तोंड मिटलं.

दुसऱ्या घरी नवी सून बाहेर आली. तिनं भाताची मूद ठेवली, वरण घातलं आणि तुपाची लोटी तिरकी केली. मास्तरांनी सवयीनं भातावर हात आडवा धरला.

सून नवीन होती. तिला थांबायचं सुचलं नाही. तुपाची धार मास्तरांच्या हातावर पडली आणि बोटांमधून भातावर उतरली.

"अगंबाई," ती म्हणाली आणि आत पळाली.

एका हातात ताटली. दुसरा हात तुपानं माखलेला. खिशातला रुमाल काढायची सोय नाही. मास्तरांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. बुवा पुढे जाऊन निंबाच्या झाडाकडे बघत उभे होते.

मास्तरांनी बोटं चाटली.

"साजूक आहे ना?" बुवांनी मागे न बघता विचारलं.

तिसऱ्या घरी मुलगा परीक्षेत पास झाला होता, तिथं शिरा पडला. चौथ्या घराला कुलूप होतं. पाचव्या घरातल्या आजोबांनी एक पेरू दिला आणि मास्तरांना म्हणाले, "बसून खा हो. उभ्यानं बाधतं."

दोघं घाटावर आले. बुवा भराभरा उतरून पाण्याजवळ गेले. मास्तर एकेक पायरी आडवे होऊन, कठड्याला धरून उतरले आणि वरच्या रुंद पायरीवरच बसले. बुवा पुन्हा चढून त्यांच्याजवळ आले. शेजारी बसले.

बुवांनी झोळीतून तुळशीचं पान काढलं.

"तुमचा तो काटा आहे का पिशवीत?"

मास्तर संकोचले, पण काटा त्यांनी काढला. तळहाताएवढा, चपटा, काचेचा. बटण दाबलं. शून्य आलं.

बुवांनी त्यावर तुळशीचं पान ठेवलं. शून्य तसंच राहिलं.

"बिघडलाय."

"बिघडलेला नाही. इतकं हलकं त्याला कळत नाही."

"अस्सं," बुवा म्हणाले. ते पान उचलून त्यांनी ताटलीतल्या अन्नावर ठेवलं, डोळे मिटले आणि नैवेद्य दाखवला.

मास्तर नदीकडे बघत होते. त्यांना एकाएकी काहीतरी आठवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बुवा, माझ्या लक्षात आलं. मी वाचलंय याबद्दल. माधुकरी नदीत बुडवून खातात. चव निघून जाते. चव गेली की हाव गेली. हेच ना तुमचं रहस्य?"

"बुडवत होतो," बुवा म्हणाले. "बारा वर्षं बुडवली."

"मग?"

"एकदा त्या तिथं, खालच्या पायरीवर, झोळी पाण्यात धरली होती. वर बघितलं तर एक म्हातारी धुणं घेऊन उभी. सकाळी तिनंच शेवयांची खीर वाढली होती. तिच्या शेवया तिच्यासमोरून वाहत चालल्या होत्या."

"काय म्हणाली?"

"त्या दिवशी काही नाही. नुसती बघत राहिली, पार त्या वळणापर्यंत..."

बुवांनी वळणाकडे बोट केलं. मास्तरांनीही तिकडे बघितलं, जणू शेवया अजून दिसतील.

"दुसऱ्या दिवशी तिच्या दाराकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. तिनं दार उघडलं आणि विचारलं, महाराज, आज बुडवायला काय वाढू?"

मास्तर हसले. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

ते काट्याकडे बघत बसले. काटा आपोआप बंद झाला.

"तेव्हापासून बुडवत नाही?"

"तेव्हापासून चव घेतो," बुवा म्हणाले. "घ्या, खा."

त्यांनी ताटलीतलं निम्मं मास्तरांसमोर पळसाच्या पानावर ठेवलं. मास्तर नदीकडे बघत, मनाशी आकडेमोड करत जेवले. भाकरी गेली, भात गेला, शिरा गेला. पान स्वच्छ झालं.

बुवांचं अजून पिठलंच चाललं होतं.

एक घास. मग ते थांबले.

"मालनबाईंनी आज पिठलं मुलीला करायला दिलंय. मोहरी जरा करपली. पोर घाबरली असेल."

मग भाताचा घास. मग पुन्हा थांबले. मग बोटाच्या पेरावर मावेल एवढा शिरा. तो त्यांनी इतका वेळ तोंडात ठेवला की मास्तरांना वाटलं, त्यांचा डोळा लागला.

उरलेलं त्यांनी दोन ठिकाणी केलं. एक वाटा पायऱ्यांवरच्या कुत्र्यांना घातला, एक माशांना. या मठातली तीही रीत. पेरू झोळीत ठेवला.

"एवढंच?" मास्तर म्हणाले. "एवढ्यानं भागतं?"

"मी जेवलो, मास्तर. तुम्ही काय केलंत ते ठाऊक नाही. शिऱ्यात काय होतं?"

"शिऱ्यात? रवा, तूप, साखर. दोन घासांना धरून चाला साधारण..."

"आकडा नको. आणखी काय होतं?"

मास्तरांनी आठवून बघितलं. दात जिभेनं चाचपले.

"...केळं?"

"विचारताय की सांगताय?"

मास्तरांनी पुन्हा दात चाचपले.

"केळं होतं," बुवा म्हणाले. "पिकलेलं. पोराला आवडत असणार, पास झालाय ना. बरं, विहीणबाईंच्या पुरणपोळ्या याआधी खाल्ल्यात?"

"चार वर्षं खातोय. हे पथ्य सुरू व्हायच्या आधी एका बैठकीला पाच खायचो."

"पुरणात जायफळ असतं की वेलची?"

कुत्री पान चाटत होती. पान पायरीवर घासल्याचा आवाज येत होता.

मास्तरांनी विद्यार्थ्यांना हजारो प्रश्न विचारले होते. उत्तर न येणारा विद्यार्थी कुठं बघतो, हे त्यांना पाठ होतं. आता ते स्वतःच पायांच्या बोटांकडे बघत होते.

"मग त्यांच्याकडे तुम्ही अजून जेवला नाहीत," बुवा म्हणाले.

"जेवलो नाही? पाच-पाच पोळ्या..."

"पोळ्या संपल्या असतील. जेवला नाहीत."

"पण बुवा, मी विचारायला आलो होतो, नाही कसं म्हणायचं. ते तर राहिलंच."

"रविवारी जा. डबा नेऊ नका, काटा नेऊ नका. आल्यावर मला सांगा, जायफळ की वेलची."

मास्तर नाराज होऊन परतले, असं सांगतात. एसटीच्या थांब्यावर त्यांनी कुणाला तरी म्हटलं म्हणे, की बुवा आता थकले, प्रश्न एक विचारला की उत्तर दुसऱ्याचंच देतात. यात तथ्य किती ते सांगता येत नाही. मास्तरांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यालाही तसंच वाटलं असतं, एवढं खरं.

मंगळवारी सकाळी ते पुन्हा मठात हजर झाले.

बुवा अंगण झाडत होते. मास्तर खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, "जायफळ."

बुवांनी झाडू भिंतीला टेकवला.

"असं? सांगा."

"नातीपासून सांगतो," मास्तर म्हणाले. "सोन्याच्या अंगठीनं खीर तिच्या ओठाला लावली. पोरीनं जीभ बाहेर काढली आणि... थांबली. बुवा, तिनं असं तोंड केलं, जसं कुणी तिला फार मोठी बातमी सांगितली. सगळे हसले. ती हसली नाही. तिचं काम चाललं होतं. मग दुसरं बोट घेतलं. तिसऱ्याला तोंड फिरवलं."

"आग्रह केलात?"

"तिला कोण आग्रह करणार? विहीणबाईसुद्धा म्हणाल्या, पुरे, पोट भरलं तिचं."

"मग पंगत."

"पंगत. विहीणबाई माझ्या पानासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात पोळ्यांची चळत. नजर माझ्या पिशवीवर."

"पिशवी नेली होती?"

"मोकळी होती. उलटी करून दाखवली त्यांना."

बुवा हसले.

"पोळी पडली. मी एक तुकडा तोंडात घातला आणि थांबलो, पोरीसारखा. विहीणबाई घाबरल्या. म्हणाल्या, काय झालं भाऊ, खडा लागला? मी म्हटलं, थांबा, बघतोय. काय बघताय? म्हटलं, जायफळ आहे की वेलची."

मास्तर पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले.

"आणि?"

"त्यांनी चळत खाली ठेवली. खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, पण हे आजवर कुणी विचारलं नाही. मग बोलत सुटल्या. त्यांच्या आईचं पुरण, डाळ किती शिजवायची, गूळ कुठल्या गावचा. आई वारल्या त्या वर्षी सणाला पोळी बिघडली होती, ते. मी एकेक तुकडा खात होतो आणि ऐकत होतो. पोळी संपली तरी त्यांचं संपेना."

"दुसरी?"

"दुसरी वाढायला विसरल्या, बुवा." मास्तरांच्या आवाजात अजूनही आश्चर्य होतं. "मीही विसरलो. आसावरी दारात उभी होती, तिच्या लक्षात आलं. पण ती नुसती माझ्याकडे बघत होती..."

अंगणात वाळलेलं पान पडलं. बुवांनी ते पायानं बाजूला सारलं.

"सोमवार?"

"दर वेळी मी घड्याळ काढून, चष्मा काढून, खिसे रिकामे करून काट्यावर चढतो. काल तसाच चढलो. बुटांसकट. हवं होतं त्याहून अर्धा किलो जास्तच भरलं. डॉक्टर माझ्या पायांकडे बघून हसले. म्हणाले, बुटांचं कापतो. तारीख दिली."

"चांगलं झालं."

"चांगलं झालंच. आता मला कळलं सगळं." मास्तर खुर्चीत ताठ बसले. मुख्याध्यापकाचा आवाज परत आला. "फार सोपं आहे हो. लोकांना हे शिकवायला हवं. मी तर म्हणतो, निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात यावर व्याख्यानच देतो. पहिला घास, अवधान, चवीची ओळख..."

"पिशवीत काय आहे?" बुवांनी विचारलं.

मास्तर मध्येच अडखळले.

"हां. हे राहिलंच." त्यांनी पिशवीतून डबा काढला. दिवाळीत मूग नेलेला तोच डबा. "विहीणबाईंनी काल आसावरीबरोबर तो घरून मागवून घेतला आणि भरून परत पाठवला. म्हणाल्या, ज्यांनी प्रश्न सांगितला त्यांना द्या."

आत केळीच्या पानात एक पुरणपोळी होती.

बुवा पायरीवर बसले. कडेचा एक तुकडा मोडला. तोंडात घातला. डोळे मिटले.

मास्तर परीक्षेच्या निकालासारखी वाट बघत राहिले.



"वेलची," बुवा म्हणाले.

"नाही हो. जायफळच. मी नीट लक्ष देऊन खाल्लीय."

"त्यांनी सांगितलं तसं?"

"सांगितलं नाही. मी जायफळ म्हटलं तर नुसत्या हसल्या. पण जायफळच, बुवा. मी पैजेवर सांगतो."

बुवांनी दुसरा तुकडा मोडला आणि मास्तरांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी तो खाल्ला. हळू खाल्ला. त्यांचे डोळे आपोआप मिटले. मग उघडले. कपाळावर आठी आली. पुन्हा मिटले.

"...आता मला नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले.

बुवांनी उरलेली पोळी केळीच्या पानात गुंडाळली, डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मग पुढच्या रविवारी पुन्हा जेवायला जा."